नियम क्रमांक १५

साताऱ्यात गाडी शिकायची म्हणजे आधी सपाट रस्ता शोधायचा. शाहू महाराजांच्या काळात हे शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलं आणि वसलं तेच उतारावर. समर्थ मंदिराकडून राजवाडा, तिथून राजपथाने या नाहीतर कर्मवीर पथाने या, पोवई नाक्यापर्यंत गाव खाली खालीच येतं. मी इथे वर्षानुवर्षं पायी हिंडले, दुचाकीच्या वाटेला कधी गेले नाही. त्यामुळे कुठला चढ किती दमवतो हे माझ्या पोटऱ्यांना पाठ होतं. आता तेच डाव्या पायाच्या चवड्याला शिकवायचं होतं.

म्हणून क्लासचे सर प्रत्येकाला आधी एमआयडीसीत नेतात. रुंद रस्ते, सुट्टीच्या दिवशी रहदारी नाही, आणि धडकायला फार तर कुत्रं. याच वसाहतीत एकेकाळी ‘प्रिया’ स्कूटर तयार व्हायच्या. माझ्या वयाच्या सातारकरांना त्याचा अजून अभिमान आहे. सर पलीकडच्या सीटवर बसतात, त्यांच्या पायाखाली क्लच आणि ब्रेकची दुसरी जोडी असते. आपल्याला वाटतं गाडी आपण थांबवली, पण सरांचा पाय हललेला असतो. माझ्या पुतणीला हे पहिल्याच दिवशी कळलं. ती म्हणाली, “काकू, निम्मी गाडी तेच चालवतायत.” सरांनी ऐकलं असणार, पण काही बोलले नाहीत.

आम्ही दोघी एकाच वेळी शिकत होतो. तिला नुकतंच अठरावं पूर्ण झालेलं, मला चव्वेचाळीस. ती कॉलेजसाठी पुण्याला जायची होती आणि त्याआधी लायसन हवं म्हणून हट्टाला पेटली होती. माझं कारण साधं होतं. आमच्या ह्यांची बदली कोल्हापूरला झाली, ते सोमवारी पहाटे एसटीने जातात आणि शनिवारी येतात. गाडी आठवडाभर दारात उभी. माझी आई मेढ्याच्या पुढे एका खेड्यात एकटी राहते, आणि तिकडची शेवटची गाडी चुकली की वडाप मिळेलच असं नाही.

गाडी शिकतेय म्हटल्यावर लोक दोन प्रश्न विचारत. पहिला, “या वयात?” हा मी सोडून देत असे. दुसरा, “लायसन कितीला पडलं?” हा मात्र मला फार विचार करायला लावायचा. कितीला पडलं, म्हणजे म्हैस घेतल्यासारखं. सरकारी शुल्क छापील आहे आणि ते काही फार नाही, पण प्रश्नाचा रोख तिकडे नसतोच. आमच्या पिढीत लायसन ही काढायची वस्तू होती. रेशन कार्ड काढतात, जातीचा दाखला काढतात, तसंच लायसन. कितीतरी जणांच्या खिशातल्या लायसनवर दुचाकीबरोबर चारचाकीही छापलेली असते, कारण तेव्हा कुणीतरी सांगितलेलं असतं, “दोन्ही टाकून घ्या, परत कशाला खेटे?” मग पंधरा वर्षांनी दारात गाडी येते आणि माणूस शिकायला जातो. म्हणजे परवानगी आधी, चालवता येणं नंतर. आमच्या पतसंस्थेत असे तीन-चार जण मला सहज दाखवता येतील. चांगली माणसं आहेत सगळी.

मी पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसते. सही करण्याआधी कागद वाचायचा ही खोड तिथली. त्यामुळे अर्ज भरण्याआधी मी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ उघडले. घरात हसू झालं. नियमांचं पुस्तक कुणी वाचतं का? पण वाचल्यावर दिसलं की ते चांगलं लिहिलंय.

शिकाऊ लायसनची परीक्षा आता घरबसल्या देता येते. आधारची पडताळणी आणि संगणकाचा कॅमेरा, २०२१ पासून महाराष्ट्रात ही सोय आहे. प्रश्न पर्यायी असतात, किमान ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. खुणा पाठ करायला मला मजा आली. गोलात असेल तो हुकूम, त्रिकोणात असेल तो इशारा, चौकोनात असेल ती माहिती. एवढं कळलं की निम्म्या पाट्या न शिकता वाचता येतात. पण घरबसल्या परीक्षेत आईच्या जागी मुलगा माऊस हलवत असतो, हेही मी पाहिलंय. कॅमेऱ्यासमोर आई, टेबलाच्या कडेला मुलगा. सोय चांगली, पण घराघरातली माया तिच्यात धरलेली नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, नमुना १-अ. त्यात एक प्रश्न असा आहे, की स्वच्छ उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट अर्जदाराला वाचता येते का. आमच्या डॉक्टरांनी तो दवाखान्याच्या दारातच निकालात काढला. समोर उभ्या टेंपोकडे बोट दाखवून म्हणाले, “वाचा.” एमएच ११ पर्यंत मी न बघताही सांगितलं असतं, साताऱ्यात दुसरं काय असणार, पण पुढचे आकडे वाचून दाखवले. पुतणीला यातलं काही नाही. तिने स्वतःच स्वतःची तब्येत चांगली असल्याचं लिहून दिलं आणि तिचं काम झालं.

मग पुढे-मागे तो पांढऱ्या पाटीवरचा लाल ‘एल’. नियमात त्याचं माप दिलंय, पाटी १८ सेंटिमीटर चौरस. शेजारी लायसनधारक शिकवणारा हवा. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं आणि ते मिळून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसनच्या चाचणीला बसता येत नाही. हा महिना पुतणीला शिक्षा वाटला. मला तो कमी वाटला.

आता त्याच पुस्तकातला नियम १५. चाचणीत अर्जदाराने काय काय करून दाखवायचं याची यादी त्यात आहे. भली लांब. मी ती छापून घेतली आणि स्वयंपाकघरात फ्रिजवर लावली, कारण क्लासमध्ये जे शिकवतात त्यापेक्षा ती बरीच मोठी निघाली. आरसा नीट करणे, गाडी सुरू करण्यापूर्वीची काळजी, हे नेहमीचं. पुढे मात्र अशी कलमं येतात की वाचताना वाटावं, लिहिणारा साताऱ्यात राहून गेलाय. तीव्र चढावर गाडी थांबवून, हॅन्डब्रेकच्या किंवा ॲक्सिलरेटर आणि ब्रेकच्या योग्य वापराने, जराही मागे न जाऊ देता पुन्हा निघणे. उतारावर चटकन खालच्या गिअरमध्ये येणे. अरुंद जागेत गाडी मागे मागे घालणे. दार उघडण्याआधीसुद्धा आरशात बघणे. पायी चालणारे, सायकलवाले, दुसऱ्या गाड्यांचे चालक काय करतील याचा आधीच अंदाज घेणे.

चढाचं कलम आम्ही राजवाड्याकडे वर जाणाऱ्या रस्त्यावर सोडवलं. सर म्हणाले, “आता एमआयडीसी विसरा.” सकाळी लवकर, दुकानं उघडायच्या आधी. चढावर गाडी उभी करायची, हॅन्डब्रेक ओढायचा, पहिला गिअर. मग क्लच सोडायचा आणि सोडायचाही नाही. सरांचं वाक्य असं, “ताई, क्लच सोडा, पण सोडू नका.” ऐकताना वेडेपणा वाटतो, पण याहून नेमकं मला कुणी सांगू शकलेलं नाही. क्लच वर येता येता एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलतं, गाडी पुढे ओढायला बघते. तिथे पाय धरून ठेवायचा. दुसऱ्या पायाने थोडा ॲक्सिलरेटर, आणि मग हॅन्डब्रेक खाली. गाडी आहे तिथेच तोलून राहते. पुढे नाही, मागे नाही. तो क्षण मला फार आवडायला लागला. सरांना मी म्हटलं, आणखी एकदा करू. ते म्हणाले, “क्लच प्लेट माझी आहे ताई.”

नव्या गाड्यांत चढावर गाडी आपोआप धरून ठेवायची सोय येते. आमच्या दारातली गाडी जुनी, क्लासची त्याहून जुनी. ज्यांच्याकडे ती सोय आहे त्यांनी खुशाल वापरावी. पण राजवाड्याच्या चढाला तुमच्या मागे स्कूटरवर दोन पोरं आणि दप्तरं घेऊन कुणी बाई उभी असते, आणि तिला तुमच्या गाडीत कुठली सोय आहे हे माहीत नसतं. ती तुमच्या बंपरपासून हातभर अंतरावर निवांत उभी असते. कशाच्या भरवशावर? तर समोरच्याला गाडी येते या भरवशावर.

इथे मला माझं टेबल आठवलं. कर्जाच्या फायलीत जामीनदाराची सही असते. कर्ज घेणाऱ्याला मी ओळखत नसले तरी चालतं, कारण कुणीतरी लिहून दिलेलं असतं की हा बुडवणार नाही. लायसनवर सरकार असाच जामीन राहतं. आणि आमच्याकडे ओळखीखातर केलेल्या जामिनाचं पुढे काय होतं, ते वसुलीच्या माणसाला विचारा. नियम १५ ची यादी या अंगाने पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्यात वेगाचं कौतुक कुठेच नाही. वेग येतो तो रस्ता आणि रहदारी बघून बेताचा ठेवण्यापुरता. ओळीमागून ओळ येते ती मागचा, पुढचा, शेजारचा, समोरून येणारा यांच्याबद्दलची. चालवणाऱ्याचं स्वतःचं असं त्यात फार थोडं आहे.

उताराच्या कलमावर मात्र आख्ख्या गावाशी वाद आहे. यवतेश्वरच्या घाटातून खाली येताना गाडी न्यूट्रलला टाकायची, पेट्रोल वाचतं, ही श्रद्धा मी लहानपणापासून ऐकत आले. सर या एका विषयावर तापतात. गिअरमधून काढलेल्या गाडीला इंजिन मागे धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापले की धरेनासे होतात. “ज्या गिअरला चढली असती त्याच गिअरला उतरवायची,” हे त्यांचं सूत्र. शिवाय हल्लीच्या इंजिनांना गिअरमध्ये असताना पाय सोडला की पेट्रोल जवळजवळ जातच नाही, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला थोडं लागतं. म्हणजे श्रद्धेचा हिशोबही उलटा. हे मी घरी सांगितलं. कुणी मानलं नाही.

यादीतलं जे कलम मी पेन्सिलने अधोरेखित केलं ते वेगळंच होतं. ओव्हरटेक करणे, हे त्यात आहे. त्याला लागूनच लिहिलंय, दुसऱ्याला आपल्याला ओव्हरटेक करू देणे. मी दोनदा वाचलं. म्हणजे मागच्याला पुढे जाऊ देणं हीसुद्धा करून दाखवायची गोष्ट आहे, तिची चाचणी आहे.

साताऱ्यात हे अवघड आहे. मेढ्याच्या रस्त्याला आमची ‘एल’ लावलेली गाडी चालली की बाकीच्या चालकांना दोन प्रकारचे झटके येतात. एक, मागून हॉर्नवर हात ठेवून बसणारा. हा बरा. त्याला घाई आहे, डावीकडे सरकायचं, वेग कमी करायचा, जा बाबा. दुसरा प्रकार पुढे असतो. तो रमतगमत चाललेला असतो आणि आपण इंडिकेटर देऊन शेजारी आलो, त्याने आरशात बाई बघितली, की त्याची गाडी अचानक पळायला लागते. कायद्यात हेही आहे, की आपल्याला ओव्हरटेक होत असताना वेग वाढवायचा नाही. पुतणीचं रक्त यावर खवळायचं. “काकू, हा मुद्दाम करतोय.” करतच होता. पण समोरून ऊसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येताना दिसत असेल, तर कोण मुद्दाम करतंय याचा निकाल तिथे लावायचा नसतो. सर एवढंच म्हणायचे, “सोडा. मागं या. त्याला जायाचंय तिकडं जाऊ द्या.” ती मागे यायची, पण दात-ओठ खात.

मला हे सोपं गेलं. माझ्या शहाणपणाचा त्यात काही भाग नाही. जन्मभर रस्त्याच्या कडेने चालल्यामुळे सगळेच आपल्या पुढे जातात याची मला सवय होती. अठराव्या वर्षी ती सवय नसते आणि नसावीही. पण मला वाटतं, पुरुषांनी, म्हणजे विशेषतः पंचवीस वर्षं गाडी चालवलेल्यांनी, या एका कलमाची परीक्षा पुन्हा द्यावी. निम्मे तरी नापास होतील.

प्रत्यक्ष चाचणीबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. कागद तपासले, मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी पुढे घ्यायला लावली, वळवायला लावली, मागे घ्यायला लावली. पुतणीच्या हाताला घाम आला होता, माझ्या गुडघ्याला कापरं. आमच्या आधी दुचाकीवाली मुलं ‘आठ’ काढत होती आणि पाय टेकला की त्यांचे मित्र बाहेरून ओरडत होते. आम्ही दोघी पास झालो. त्या यादीतलं सगळंच्या सगळं एका मैदानात, एका सकाळी कुणाचंही बघून होणार नाही. चढ तिथे आणायचा कुठून? ऊसाचा ट्रॅक्टर कुठून आणायचा? राहिलेली यादी ज्याने त्याने फ्रिजवर लावून घ्यावी.

कार्ड टपालाने आलं. मुदती बघून पुतणी खूश झाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन वयाची चाळीस वर्षं पूर्ण होईपर्यंत चालतं. तिशी ते पन्नाशीत काढलं तर दहा वर्षं, पुढे मुदत आणखी आखडत जाते. एकाच दिवशी, एकाच मैदानात, एकाच गाडीवर आम्ही पास झालो, आणि तिला बावीस वर्षं, मला दहा. सासूबाई म्हणाल्या, “दहा काय कमी आहेत?” नाहीत. पण पुण्याला जाऊन ती पुढचं वर्षभर स्टेअरिंगला हात लावणार नाही आणि कागदावर ती २०४७ पर्यंत चालक असणार, हे माझ्या टेबलावरच्या डोक्याला पटत नाही. वापरात नसलेल्या खात्याची आम्ही पुन्हा केवायसी मागतो.

मेढ्याला आता मी जाते. आईला त्याचं नवल पहिल्या खेपेपुरतं वाटलं. आता ती गाडी अंगणात लागली की आधी डिकीतली भाजीची पिशवी काढते.

परवाच्या रविवारी हे घरी होते. कासकडे जाऊन आलो. जाताना ह्यांनी चालवली, येताना मी. यवतेश्वरच्या घाटात खाली उतरताना एका अरुंद वळणावर खालून दुधाचा टेंपो वर येताना दिसला. मी दुसऱ्या गिअरमध्ये होते. अलीकडेच कडेला घेऊन थांबले. टेंपो गुरगुरत वर आला, निघून गेला. चालकाने हात वगैरे काही केला नाही.

“का थांबलीस?” हे म्हणाले. “आपण आधी आलो होतो वळणावर.”

म्हटलं, घाटात रस्ता अरुंद असला तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलायला जड जाते. नियमातच आहे.

“कुठल्या नियमात?”

“रस्त्यावर गाडी चालवण्याचे नियम आहेत. वेगळे.”

हे गप्प. पंचवीस वर्षांचं लायसन आहे त्यांचं. वळणं संपून समर्थ मंदिराजवळ आलो तेव्हा म्हणाले, “मग इतकी वर्षं मी वर चढताना कुणी थांबलं का माझ्यासाठी?”

मी म्हटलं, “तुम्ही थांबलात का कुणासाठी?”

घरी आल्यावर चहा होईपर्यंत ते फ्रिजसमोर उभे राहून यादी वाचत होते. चष्मा कपाळावर, एक एक कलम बोटाने. बराच वेळ लागला. मग विचारलं, “यात हॉर्नचा योग्य वापर असं लिहिलंय. योग्य म्हणजे किती?”